घरची पाककृती, गावचा निधी

स्वयंपाकातून सार्वजनिक कामाला पैसा किंवा धान्य उभे करण्याच्या चार रीती महाराष्ट्रात आणि आसपास दिसतात. पहिली घरटी शिजवलेले अन्न देण्याची. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहात भाकरी गावोगावच्या घरांतून येतात आणि आमटी मात्र मांडवाजवळ मोठाल्या कढयांत शिजते. दुसरी मुष्टिफंडाची. रोजच्या स्वयंपाकातले मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि साठले की संस्थेला द्यायचे. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांना अशा धान्याचा आधार झाला. पणजीतल्या एका शिक्षणसंस्थेने तर मुष्टिफंड हेच नाव घेतले. तिसरी रीत पदार्थ विकण्याची, चौथी पाककृतींचे पुस्तक विकण्याची. पहिल्या दोन रीतींत स्वयंपाक शिकवण्याचा हेतू नसतो. तिसरी आणि चौथी रीत मात्र निधीसोबत घरची चव पुढच्या पिढीच्या हाती देण्याचा दावा करते. वाद आहे तो या दाव्याचा.

हा वाद आखाडा बाळापुरात मांडून पाहता येतो. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातले, हिंगोली-नांदेड रस्त्यावरचे हे बाजाराचे गाव. जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. बाहेर त्याची ओळख हळदीची आहे आणि वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. घरातली ओळख वेगळी: ज्वारीची भाकरी, धपाटे, अंबाडीची भाजी, जवसाची, तिळाची आणि कारळाची चटणी, उन्हाळ्यातल्या कुरडया-सांडगे आणि येसराची आमटी. यातल्या कितीतरी गोष्टी कोणत्याही वहीत नाहीत.

पुढच्या संवादातल्या आत्या आणि भाची कल्पित आहेत. त्यांनी दिलेले दाखले खरे आहेत. आत्याने उभे आयुष्य गावात काढले. भाची शिक्षिका आहे आणि बचत गटाचा हिशेब लिहिते. गावातल्या मुलींसाठी अभ्यासिका काढायची आहे आणि तिच्यासाठी पैसा हवा, एवढे दोघींना मान्य आहे.

भाची : आत्या, मला वाटतं आपण पुस्तक काढू. गावातल्या पन्नास घरांतल्या दोन-दोन पाककृती घ्यायच्या, छापायच्या आणि विकायच्या. मुंबईच्या सारस्वत महिला समाजानं १९४३ साली ‘रसचंद्रिका’ काढली. पुस्तक संस्थेचं म्हणून ओळखलं गेलं. पुढं इंग्रजीतही आलं. चित्रापूर सारस्वतांच्या मुली कुठंही गेल्या तरी ते पुस्तक सोबत नेतात.

आत्या : नेत असतील. पण त्या मुलींच्या आयांनी आधी करून दाखवलं असेल, मग पुस्तक बरोबर दिलं असेल. नुसतं पुस्तक वाचून भाकरी थापता आलेली मुलगी मला दाखव.

भाची : भाकरीचं नका सांगू, आमटीचं सांगा. येसराची पाककृती लिहून द्या, मी बघते.

आत्या : लिही. ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरं, लाल मिरची, सुंठ, लवंगा, दालचिनी. वेगवेगळं भाजायचं आणि दळून आणायचं. झालं. आता ह्यातून काय समजलं तुला?

भाची : काय काय घालायचं ते समजलं.

आत्या : आणि किती भाजायचं? ज्वारी तडतडली पाहिजे, पण काळी पडली की सगळी आमटी कडू. धणे ज्वारीबरोबर टाकले तर जळतात. दळणाआधी गार झालं नाही तर जात्यात नाहीतर गिरणीत चिकटतंय. आणि आमटीत टाकताना कोरडं टाकलं की गुठळ्या. पाण्यात कालवून, फोडणीचं पाणी खळखळ उकळायला लागल्यावर सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. हे तू लिहायलीस का?

आत्याने जे सांगितले ते भाचीला लिहिता आले असते आणि तिने लिहिलेही. म्हणजे आत्याचा आक्षेप निम्मा खोटा ठरतो. हाताचे ज्ञान शब्दांत येत नाही हे म्हणणे सरसकट खरे नाही. बहुतेक वेळा ते शब्दांत आणण्याची तसदी कोणी घेतलेली नसते, कारण सांगणारी आणि ऐकणारी एकाच चुलीपाशी असतात. जी मुलगी नांदेडला, पुण्याला किंवा दुबईला राहते तिच्यासाठी ही तसदी घ्यावी लागते. आत्याची उरलेली बाजू मात्र टिकते. ज्वारी ‘तडतडली पाहिजे’ हे वाचून कळते, पण किती तडतडली म्हणजे पुरे, हे एकदा कानाने ऐकल्याशिवाय पक्के होत नाही.

मराठी पाकपुस्तकांचा इतिहास याच अडचणीभोवती फिरतो. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ चे. छापील मराठी पाकपुस्तकांत ते पहिले मानले जाते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चे. त्या काळी माप शेर, छटाक, तोळ्यांचे होते. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर-छटाक दुकानांतून गेले आणि जुनी पुस्तके उघडणाऱ्या मुलीला पाककृती मिळूनही माप कळेना. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघर रुजवले. तराजू नसलेल्या स्वयंपाकघराला ते जुळले आणि त्या पुस्तकाच्या लाखावर प्रती खपल्या. पुस्तक टिकते, माप जुने होते. आखाडा बाळापुरातल्या पुस्तकात मापटे आणि चिपटे लिहिले तर पुढच्या पिढीला तेही शब्दकोशात शोधावे लागेल. म्हणून प्रत्येक मापापुढे ग्रॅम लिहायला हवेत. दिसायला ते रूक्ष असले तरी तसेच करावे.

आत्या : पुस्तक किती लोक घेतील? माझ्याकडं पैसे नाहीत आणि छापणारा फुकट छापत नाही.

भाची : समजा पाचशे प्रती. प्रतीला साठ रुपये खर्च, म्हणजे तीस हजार. दीडशेला विकली तर दोनशे प्रतींत खर्च निघतो, उरलेल्या तीनशे प्रतींचे पंचेचाळीस हजार अभ्यासिकेला.

आत्या : आणि दोनशेच्या वर खपल्याच नाहीत तर अभ्यासिकेला शून्य.

भाची : म्हणून छापण्याआधी पैसे घ्यायचे. पूर्वीच्या मराठी पुस्तकांत आश्रयदात्यांची यादी असायची, तशी. शिवाय जाहिराती. दिवाळी अंक जाहिरातींवर चालतात. कृषी सेवा केंद्र, किराणा, कापडवाला, एकेक पान घेतीलच.

या हिशेबातले आकडे कल्पित आहेत, पण त्यांची रचना खरी आहे आणि अशी पुस्तके जिथे सुरू झाली तिथेही ती हीच होती. १८६४ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात जखमी सैनिकांच्या मदतीसाठी फिलाडेल्फियात मोठा मेळा भरला. त्यासाठी मारिया मॉस यांनी पाककृती आणि कवितांचे एक पुस्तक काढले. पुढच्या काही दशकांत तिथल्या चर्चच्या महिला मंडळांनी अशी हजारो पुस्तके छापली. छपाईचा खर्च गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींतून काढायचा आणि विक्रीचा पैसा वाचनालयाला, इस्पितळाला किंवा छपराच्या दुरुस्तीला द्यायचा, ही त्यांची घडी. मुंबईतल्या टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी, ज्यांत पारशी पुष्कळ होत्या, विसाव्या शतकात याच घडीने पाककृतींचे पुस्तक काढून दानधर्माला पैसा दिला. पुस्तकाची रीत अशी शहरी आणि शिकलेल्या घरांतून आली. जिथे वाचणारे थोडे आणि खाणारे पुष्कळ, तिथे ती पोहोचायला वेळ लागतो.

आत्या : माझं ऐकशील तर उन्हाळ्यात दहा जणींना बोलाव. येसर दळू, कुरडया घालू, सांडगे तोडू. बाजाराच्या दिवशी विकू. पैसा हातात दिसतो आणि मुलींना शिकायलाही मिळतं. पीठ कसं हातात येतं ते त्यांना कळेल.

भाची : आता तुमचा हिशेब मांडते. दहा किलो येसर, कच्चा माल, दळण, पाकिटं मिळून दीड हजार. तीनशे रुपये किलोनं विकलं तर तीन हजार. उरले दीड हजार. चार बायांची एक दिवसाची मजुरी तीनशेनं धरली तर बाराशे. मग अभ्यासिकेला किती? तीनशे. बाकीचा पैसा गिऱ्हाइकानं नाही दिला, बायांनी दिला, फुकट राबून.

आत्या : राबणं म्हणू नको गं. सप्ताहाला मी टोपलीभर भाकरी करून पाठवते, त्याची कुणी मजुरी मागतं का?

भाची : मागत नाही, पण ती वर्गणी आहे हे गाव मानतं. इथं लिहून ठेवलं नाही तर कुणी मानणार नाही. आणि दरवेळी राबणारी तीच-तीच माणसं असतात, नाव मंडळाच्या अध्यक्षाचं लागतं.

इथे भाचीचे म्हणणे वजनदार आहे. बायांच्या फुकट श्रमाला निधी म्हणण्याची सवय फार जुनी आहे. रयतच्या वसतिगृहाची गोष्ट सांगताना भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने आणि मंगळसूत्र विकल्याचा उल्लेख होतो. वसतिगृहातल्या मुलांसाठी त्यांनी केलेल्या स्वयंपाकाचा उल्लेख होतो तो ओझरता. दागिन्याची किंमत सोनाराच्या दुकानात कळते, स्वयंपाकाची कुठेच कळत नाही. याच्या उलट टोकाला लिज्जत पापड आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि नफा लाटणाऱ्या बहिणींतच वाटायचे ठरवले. तिथे चव विकली जाते, श्रमाचा दाम मिळतो, पण तो व्यवसाय आहे, दान नाही. अभ्यासिकेसाठी पदार्थ विकणाऱ्यांनी या दोन टोकांमध्ये कुठे उभे राहायचे ते आधीच ठरवावे लागते. ठरवले नाही तर वाद पहिल्या विक्रीनंतर होतो.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगण्याजोगी आहे. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याच्या २०११ च्या मूळ नियमांत वर्षाला बारा लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान अन्न-व्यावसायिकाला साधी नोंदणी पुरत होती, आणि कॅटरर नसलेला पण धार्मिक-सामाजिक मेळाव्यात अन्न वाटणाराही याच गटात धरला होता. नोंदणीला फार त्रास नाही. पाकिटावर बनवल्याची तारीख आणि घटक लिहिणे हे मात्र खरे काम. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची असेल तर गणेश मंडळे धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतात, तशी ती इथेही पाहावी. पाककृतीच्या नुसत्या घटकयादीवर कोणाची मालकी चालत नाही. ती ज्या शब्दांत लिहिली त्या शब्दांवर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने हक्क असतो. म्हणजे दुसऱ्या पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा घेता येत नाही, पदार्थ मात्र घेता येतो.

भाची : मग पुस्तकात कुणाच्या घरच्या पाककृती घ्यायच्या, ते सांगा.

आत्या : सगळ्यांच्याच घ्यायच्या की. गावचं पुस्तक ना.

भाची : सगळ्यांच्या म्हणजे किती वस्त्यांच्या? चान्या घ्यायच्या का?

आत्या : ते... ते काय पुस्तकात शोभतं का?

भाची : का नाही शोभणार? शाहू पाटोळेंनी मराठवाड्यातल्या दलित घरांच्या अन्नावर अख्खं पुस्तक लिहिलंय, ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’. २०१५ साली आलं. चान्या म्हणजे वाळवलेलं मांस. ज्या घरांना ताजं रोज मिळत नव्हतं ती घरं मिळालेलं वाळवून ठेवायची. तुम्ही सांडगे वाळवता, त्यांनी मांस वाळवलं.

आत्या : मी काही वाईट म्हणत नाही, बाई. पण वाचणारा नाक मुरडील आणि पुस्तक घेणार नाही.

भाची : वाचणारा नाक मुरडील म्हणून गाळलं, तर तो निधी गावाचा कसा?

या ठिकाणी दोघींची बाजू अचानक बदललेली दिसते. आतापर्यंत आत्या सामुदायिकतेची आणि भाची हिशेबाची होती. आता बाजाराचा विचार आत्या करते आणि गावाचा विचार भाची. पाटोळे यांच्या पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला आणि मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकघरांकडे बाहेरचेही पाहू लागले, पण गावातल्या वाचकाची अडचण त्याने सुटत नाही. ‘रसचंद्रिका’ एका ज्ञातीची होती. तिच्या वाचकाला आपल्याच घरचे अन्न हवे होते, त्यामुळे कोणाचे घ्यायचे हा प्रश्न तिला पडला नाही. गावाच्या पुस्तकाला तो पडणारच. भाकरीच्या टोपलीत ही अडचण वरून दिसत नाही, कारण टोपलीत कोणाची भाकरी कुठली हे कळत नाही. पण टोपलीत कोणाच्या घरची भाकरी चालते, हा प्रश्न कितीतरी गावांत बराच काळ होता आणि तो टोपली भरण्याआधीच सोडवला जाई.

नाव न लावण्याचा उपयोगही असतो. अलाबामा राज्यातल्या मॉन्टगोमेरीत १९५५-५६ मध्ये काळ्या नागरिकांनी वेगळ्या बाकांच्या निषेधार्थ ३८१ दिवस बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. त्या वेळी जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकीणबाईने बायकांना जमवून सँडविच, केक आणि जेवण विकायला सुरुवात केली आणि पैसा आंदोलनाच्या सभेत नेऊन दिला. तिच्या मंडळाचे नाव होते ‘कुठूनही न आलेला क्लब’. पैसा कुठून आला असे विचारले तर उत्तर ‘कुठूनच नाही’. गोऱ्या मालकांच्या घरी काम करणाऱ्या बायकांना नोकरी गमवायची नव्हती. तिथे नाव लपवणे हाच बचाव होता. आखाडा बाळापुरात तशी गरज नाही. इथे नाव लिहिणे हाच न्याय ठरतो. ज्या बाईने पाककृती सांगितली तिचे नाव, ती कुठल्या वस्तीतली आणि तिला ती कोणाकडून मिळाली, या ओळी पाककृतीइतक्याच महत्त्वाच्या आहेत. पण तिला विचारून. काही बायांना घरातल्या अडचणीची, उपासमारीच्या काळातल्या पदार्थांची गोष्ट छापून यावी असे वाटणार नाही, आणि तो तिचा निर्णय.

आत्या : बरं, चान्या घे. पण सांगणारी बाई त्या वस्तीतली असली पाहिजे. तू ऐकून लिहू नको.

भाची : हे चाललं. आणि प्रत्येक पाककृती एकेकटीनं नाही, दोघींनी करायची. एक सांगणारी, एक शिकणारी. शिकणारी पंचवीस वर्षांच्या आतली हवी. ती स्वतः करील आणि करताना लिहील. सांगणारी फक्त बघेल आणि चुकलं तिथं थांबवील.

आत्या : म्हणजे तुला पुस्तकाच्या नावाखाली माझंच करायचंय.

भाची : अर्धं तुमचं, अर्धं माझं.

ही तडजोड म्हणून सांगितली गेली तरी तिच्यात एक नवे काम झाले आहे. पुस्तकाच्या रीतीत शिकवणे हे लिहिण्यानंतर, वाचकाच्या घरी घडायचे असते आणि बहुधा घडत नाही. विक्रीच्या रीतीत शिकवणे काम करताना घडते, पण मागे काही उरत नाही. जोडीने केल्यास शिकणे लिहिण्याआधी होते आणि लिहिलेले शिकणाऱ्याच्या अडचणींतून उतरते. ज्वारी कधी उतरवायची हे ज्या मुलीने दोनदा करपवून पाहिले, तिने लिहिलेली सूचना आत्याच्या सूचनेपेक्षा वाचकाला जास्त उपयोगी पडते. आत्याला काय अवघड आहे हेच आठवत नसते. निधीचे निमित्त नसते तर ही मुलगी आत्याच्या चुलीपाशी इतका वेळ बसली असती का, हा प्रश्न आहे. आजकाल घरी बसण्याचे कारण लागते आणि अभ्यासिका हे कारण पुरवते.

आत्या : आणि मजुरीचं?

भाची : वहीत लिहू. द्यायची नाही, पण लिहू. अमुक बाई, इतके तास. निधीच्या हिशेबात ते दान म्हणून दाखवायचं.

आत्या : तास लिही. रुपये लिहू नको.

भाची : रुपये लिहिले नाहीत तर ते दान दिसणार नाही, आत्या.

यावर एकमत झाले नाही. वहीत तासांचा रकाना आहे, रुपयांचा रिकामा सोडला आहे.

कामाचा क्रम ऋतूवर अवलंबून राहतो. रब्बी ज्वारी घरात आल्यावर येसर भाजणे सोयीचे. कुरडया, सांडगे, पापड ऊन कडक असेपर्यंत. हुरड्याच्या पाककृती त्याआधी, थंडीत लिहून घ्याव्या लागतात, कारण कणीस जून झाले की हुरडा उरत नाही. धपाटे आणि चटण्या कधीही. उन्हाळ्यातली विक्री आधी आली तर तिचा पैसा पुस्तकाच्या छपाईला आगाऊ वापरता येतो आणि तीस हजारांची अडचण थोडी कमी होते. पावसाळ्यात शेतीमुळे बाया मोकळ्या नसतात. तो वेळ भाचीने मजकूर तपासण्याचा, मापे ग्रॅममध्ये बसवण्याचा आणि जाहिराती मिळवण्याचा. दिवाळीपर्यंत पुस्तक हाती आले तर ते दिवाळीच्या अंकांसोबत विकले जाऊ शकते. शिल्लक प्रती शाळा, ग्रंथालये आणि नांदेड-हिंगोलीच्या पुस्तक दुकानांत ठेवता येतात. बँकेत खाते अभ्यासिकेच्या नावे आणि दोघींच्या सह्यांवर चालावे. हिशेबाची वही प्रत्येक पाककृती सांगणाऱ्या बाईला मागताच दाखवावी.